काळ्या पडद्याआडच्या बाई

(आकाशवाणीवरील भाषण)

१८५३ साली घेतलेले एक छायाचित्र कलाभ्यासकांमध्ये चांगलेच प्रसिद्ध आहे. चित्राचा विषय आहे व्हेनिसच्या कारागिरांनी घडविलेला एक नक्षीदार आरसा. आरशाची चौकट नीट टिपावयाची तर कॅमेरा त्याच्या अगदी समोर उभा करणे भाग होते. तसे करताच व्हावयाचे तेच झाले. तिपाईवरचा कॅमेरा आणि त्याच्याजवळ उभा असलेला छायाचित्रकार, दोघेही आरशात उमटले. वस्तूचे चित्र काढता काढता त्या माणसाचे स्वतःचे चित्र निघाले आणि ते कायमचे राहिले.

हे गृहस्थ म्हणजे चार्ल्स थर्स्टन थॉम्प्सन. १८५६ साली एका सरकारी संग्रहालयाच्या छायाचित्रणाची व्यवस्था त्यांच्याकडे आली. पुढील वर्षी ते संग्रहालय लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागात आले आणि त्याच नावाने जगभर ओळखले जाऊ लागले. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम हे त्याचे नाव पुढचे, १८९९ सालचे. छायाचित्रणाच्या इतिहासात थर्स्टन थॉम्प्सन यांना मानाचे स्थान आहे. तथापि आज मला बोलावयाचे आहे ते त्यांच्याविषयी नव्हे, त्यांच्या धाकट्या बहिणीविषयी. भावाच्या मृत्यूनंतर तिने त्याचे काम हाती घेतले आणि तब्बल तेवीस वर्षे चालविले. तिने हजारो काचांवर चर्चमधील मूर्ती, याजकांची वस्त्रे, हस्तिदंती कोरीवकाम आणि इतर असंख्य कलावस्तू उतरविल्या. एवढे करूनही तिचे नाव शंभर वर्षांहून अधिक काळ कोणी फारसे घेतले नाही. त्या बाईंचे नाव इझाबेल अॅग्नेस काउपर.

इझाबेलबाईंचा जन्म १८२६ सालचा. वडील जॉन थॉम्प्सन हे इंग्लंडमधील नामांकित काष्ठ-खोदकार होते. पुस्तकांतील चित्रे त्या काळी लाकडी ठोकळ्यांवर खोदून छापीत. चित्रकाराने रेखाटन करावे आणि खोदकाराने तीक्ष्ण हत्याराने केसाएवढ्या रेषा कोरून ते ठोकळ्यावर उतरवावे, अशी ही विद्या. १८४० साली इंग्लंडात टपालाची नवी पद्धत सुरू झाली, तेव्हा मुलरेडी या चित्रकाराने सजविलेला टपालाचा लिफाफा निघाला. त्याचे खोदकाम थॉम्प्सन यांच्या हातचे. मुलेही याच धंद्यात वाढली. घरातल्या मुली वडिलांच्या शेजारी बसून खोदकाम शिकल्या आणि त्यांनी ते पैशासाठी केले. पुढे मुलींना हीच विद्या शिकविणाऱ्या एका सरकारी वर्गाचीही देखरेख जॉन थॉम्प्सन यांनी काही वर्षे केली.

ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो. बाईंनी छायाचित्रण उचलले ते हौस म्हणून नव्हे. त्या काळी इंग्लंडात कॅमेरा हाताळणाऱ्या उच्चकुलीन स्त्रिया होत्या आणि त्यांची नावे पुस्तकांतून आहेत. त्या आपल्या आप्तेष्टांची, फुलापानांची, काव्यातील प्रसंगांची चित्रे घेत. इझाबेलबाईंची जात वेगळी. दुसऱ्याने निर्माण केलेली वस्तू स्वतःचे काही न मिसळता जशीच्या तशी उतरवून द्यावयाची, हे शिक्षण त्यांना लाकडाच्या ठोकळ्यापासूनच मिळाले होते. पुढे ठोकळ्याच्या जागी काच आली, इतकेच.

१८५२ मध्ये त्यांचा विवाह चार्ल्स काउपर यांच्याशी झाला. आठ वर्षांनी, १८६० मध्ये, पती वारले. पदरी चार मुले. बाई भावाच्या आश्रयाला आल्या. भाऊ संग्रहालयाच्या आवारातच राहत असे. घराच्या पलीकडे काचेची बाटलीघरे, अंधारी खोली आणि पॅकिंगच्या खोक्यांतून नुकत्याच बाहेर आलेल्या वस्तू. भावाच्या हाताखाली त्या काम करू लागल्या आणि शिकल्या. असे शिक्षण आपल्याकडच्या कारागिरांच्या घरांतूनही चालत आलेले आहे. त्याला प्रमाणपत्र नसते आणि म्हणूनच त्याची नोंदही राहत नाही.

१८६६ साली थर्स्टन थॉम्प्सन स्पेनला गेले. स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात सांतियागो द कोंपोस्तेला नावाचे तीर्थक्षेत्र आहे. संत याकोबाची समाधी तेथे असल्याच्या श्रद्धेने मध्ययुगापासून सारा युरोप तिकडे पायी जात आलेला आहे. आपल्या श्रोत्यांना पंढरीची वाट डोळ्यांसमोर आणली म्हणजे पुरे. त्या कॅथेड्रलच्या दर्शनी भागात मातेओ नावाच्या शिल्पकाराने उभारलेले ‘पोर्तिको दे ला ग्लोरिया’, म्हणजे ‘वैभवाचे द्वार’, आहे. त्याच्या पाषाणावर ११८८ हे साल कोरलेले आहे. लंडनच्या संग्रहालयाला या द्वाराची प्लास्टरमधील पूर्णाकृती प्रतिकृती हवी होती. ते काम ब्रुचियानी नावाच्या कारागिराने केले आणि थॉम्प्सन यांनी कॅथेड्रलची छायाचित्रे घेतली. ती छायाचित्रे १८६८ साली पुस्तकरूपाने निघाली खरी. पण त्याच वर्षीच्या जानेवारीत थॉम्प्सन पॅरिस येथे निधन पावले होते.

पॅरिसला ते गेले होते १८६७ च्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनासाठी. संग्रहालयाचे संचालक हेन्री कोल यांनी त्या प्रदर्शनाच्या वेळी युरोपातील पंधरा राजपुत्रांच्या सह्यांचा एक करार घडवून आणला. प्रत्येक देशातील थोर कलाकृतींच्या प्रतिकृती प्लास्टर, धातूचा मुलामा व छायाचित्रे या मार्गांनी तयार कराव्यात आणि एकमेकांच्या संग्रहालयांना द्याव्यात, असा तो करार. कल्पना मोठी होती. ज्याला रोमला जाणे परवडत नाही त्यालाही रोमचे शिल्प पाहता आले पाहिजे, हा तिच्यामागचा विचार. परंतु कल्पना राजपुत्रांच्या सह्यांनी सिद्धीस जात नाही. त्यासाठी रोज सकाळी उठून काचा धुणारे कोणीतरी लागते. लंडनमध्ये ते ‘कोणीतरी’ नुकतेच मृत्यू पावले होते.

ती जागा इझाबेलबाईंनी घेतली. १८६८ पासून १८९१ पर्यंत त्या संग्रहालयाच्या अधिकृत छायाचित्रकार होत्या. कोणत्याही संग्रहालयात अशा पदावर काम करणारी ही पहिलीच स्त्री, असे मानले जाते.

काम कसे चाले ते थोडे सांगतो, कारण आज बोटाने एक टिचकी मारली की चित्र निघते आणि त्या श्रमांची कल्पना येत नाही. प्रारंभीची पद्धत ओल्या काचेची. स्वच्छ पुसलेली काच एका हाताच्या बोटांवर आडवी धरावयाची आणि दुसऱ्या हाताने तिच्यावर कोलोडियन नावाचे चिकट द्रावण ओतावयाचे. काच चारी बाजूंना हळूच कलवीत ते सर्वत्र सारखे पसरवावयाचे, आणि एका कोपऱ्यातून उरलेले परत बाटलीत घ्यावयाचे. घावन घालणाऱ्या गृहिणीच्या मनगटाला जो अंदाज असतो तोच येथे लागतो. मग अंधाऱ्या खोलीत ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात बुडवून बंद चौकटीत घालावयाची, धावत जाऊन कॅमेऱ्यात बसवावयाची आणि काळ्या कापडाखाली डोके घालून आधीच साधून ठेवलेल्या वस्तूवर उघडावयाची. काच वाळण्याच्या आत पुन्हा अंधाऱ्या खोलीत नेऊन ती धुवावयाची. दहापंधरा मिनिटांत सारे आटोपले पाहिजे. काच सुकली की श्रम वाया. मोठ्या वस्तूसाठी काचही मोठी, कारण निगेटिव्ह जेवढे तेवढेच छापील चित्र निघे. सिल्व्हर नायट्रेटने बोटे काळी पडत आणि तो काळेपणा दिवसचे दिवस जात नसे. ईथरच्या वासाने डोके जड होई. पुढे १८७० च्या दशकाच्या अखेरीस कोरड्या काचा बाजारात आल्या, तेव्हा हा जाच बराच कमी झाला.

प्रकाश सूर्याचा. म्हणून वस्तू उघड्या चौकात वा काचेच्या छपराखाली आणाव्या लागत. लंडनच्या धुक्यात कित्येक दिवस हात बांधून बसावे लागत असेल. संगमरवरी मूर्ती, वाऱ्याने हलणारे जुने भरतकाम, चकाकणारे चांदीचे पात्र, या प्रत्येकाचा स्वभाव निराळा. चांदी सभोवतालचे सारे आपल्यात ओढून घेते. हस्तिदंतावरील कोरीव चेहरे प्रकाश समोरून पडला की सपाट होतात, बाजूने पडला की जिवंत होतात. हे निर्णय त्या बाईंनी घेतले. चित्रात त्यांचे काहीच नाही असे आपण म्हणतो, परंतु मूर्तीच्या डाव्या गालावर सावली पडू द्यावी की उजव्या, हे ठरविणारे कोणी नसते तर ते चित्रच नसते.

याहून एक मोठी अडचण होती आणि धार्मिक चित्रांच्या बाबतीत ती विशेष जाणवे. त्या काचांना सर्व रंग सारखे दिसत नसत. निळ्या प्रकाशाने काच चटकन काळवंडे, म्हणून छापील चित्रात निळा रंग पांढरट उमटे. लाल, नारिंगी, पिवळा यांची जाणीव काचेला जवळजवळ नसेच. ते काळपट उमटत. आता ख्रिस्ती चित्रकलेत रंगांना अर्थ असतो. पवित्र मरियेचा अंगरखा निळा, हुतात्म्याचे वस्त्र लाल, संतांच्या मस्तकामागचे तेजोवलय सोनेरी. कॅमेऱ्यासमोर आल्यावर मरियेचा निळा झगा फिकुटला, हुतात्मा काळ्या वस्त्रात गेला आणि तेजोवलय कित्येकदा काळोखी झाले. रंगीत चित्रांपेक्षा शिल्प, हस्तिदंत, लेस यांची त्या काळची छायाचित्रे अधिक विश्वासार्ह वाटतात, त्याचे एक कारण हे आहे.

या अडचणीचा एक पडसाद मी स्वतः पाहिला आहे. आमच्या भागातील एका जुन्या चर्चच्या मुख्य वेदीवर लाकडी मूर्ती होती. रंगाचे पोपडे निघाले होते. नव्याने रंग द्यावयाचे ठरले तेव्हा कोणीतरी वेदीचे एक फार जुने छायाचित्र शोधून काढले. सणाच्या दिवशी घेतलेले. कोणी घेतले त्याचा पत्ता नाही. त्यात सायबिणीचा झगा पांढरा दिसत होता. ‘मूळ रंग पांढरा होता, हा पहा पुरावा,’ असे म्हणून मंडळींनी मूर्ती पांढरी रंगवून घेतली. मी त्या वेळी शाळेत नवा लागलो होतो आणि मलाही ते पटले होते. काही वर्षांनी झग्याच्या मागच्या बाजूचा एक टवका उडाला आणि आतून निळा रंग डोकावला, आकाशासारखा. छायाचित्र खोटे बोलले नव्हते. त्याची भाषा आम्हाला वाचता आली नाही. ते घेणारा किंवा घेणारी कोण, कोणत्या साली, कोणत्या काचेवर, एवढे जरी पाठीमागे लिहिलेले असते तर एखाद्या जाणत्याने आम्हाला सावध केले असते. छायाचित्रकाराचे नाव नोंदवावे की नाही हा केवळ श्रेयाचा प्रश्न नाही, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे.

इझाबेलबाईंच्या कॅमेऱ्यासमोर ज्या वस्तू आल्या त्या आल्या कोठून, हाही प्रश्न बाजूस सारता येत नाही. फ्रेंच राज्यक्रांती आणि नेपोलियनची युद्धे यांत युरोपातील शेकडो मठ मोडले. त्यांची भांडी, वस्त्रे, संतांच्या अस्थी ठेवण्याच्या मंजूषा बाजारात आल्या. संग्रहालयाने १८६१ मध्ये घेतलेली एल्टेनबर्गची मंजूषा पाहा. बाराव्या शतकातील ही वस्तू घुमट असलेल्या लहानशा चर्चच्या आकाराची, मीनाकारी आणि हस्तिदंती कामाने मढविलेली आहे. फ्रेंच फौजा आल्या तेव्हा मठातील एका व्रतस्थ स्त्रीने ती धुराड्यात लपवून वाचविली, असे सांगतात. कित्येक वस्तूंचे नशीब एवढे चांगले नव्हते. जर्मनीतील आखन येथील कॅनन फ्रान्झ बॉक हे स्वतः धर्मगुरू आणि प्राचीन वस्त्रांचे मोठे जाणकार. त्यांनी चर्चच्या पेट्यांतून जुनी वस्त्रे गोळा केली आणि त्यांचे तुकडे निरनिराळ्या संग्रहालयांना विकले. लोक त्यांना ‘कात्रीवाले बॉक’ म्हणत. त्यांच्याकडील बरीच वस्त्रे १८६० च्या दशकात साउथ केन्सिंग्टनने घेतली. एकाच वस्त्राचा एक तुकडा लंडनला तर दुसरा आणखी कोठे, अशी स्थिती झाल्यावर ते तुकडे पुन्हा जुळवून पाहण्यास छायाचित्रासारखे साधन नाही. संग्रहालयातील वस्त्रांची सूची १८७० साली प्रसिद्ध झाली, ती डॅनिएल रॉक या कॅथलिक धर्मगुरूने लिहिलेली. ज्या वस्त्रांत मिस्सा होत असे त्यांचे वर्णन एका धर्मगुरूनेच लिहावे, हे मला उचित वाटते. तथापि एका धर्मगुरूने कात्री चालवावी आणि दुसऱ्याने सूची लिहावी, यातील विसंगतीही डोळ्यांआड करता येत नाही.

सर्वांत बोचरे उदाहरण नेदरलँड्सचे. सेर्टोगेनबॉस या गावच्या संत योहानाच्या कॅथेड्रलमध्ये, मुख्य वेदी आणि भाविकांची जागा यांच्या मधोमध, संगमरवर व अॅलॅबॅस्टरची एक भव्य कमानदार भिंत होती. सतराव्या शतकाच्या आरंभीचे हे काम. एकोणिसाव्या शतकात मध्ययुगीन थाटाची आवड बळावली. ही भिंत त्या थाटात बसत नाही आणि वेदी झाकते, म्हणून ती उतरविण्यात आली आणि तुकडे व्यापाऱ्याकडे गेले. १८७१ मध्ये ते साउथ केन्सिंग्टनने विकत घेतले. भिंत लंडनला पुन्हा उभी राहिली. ती आजही तेथे आहे. डच लोकांना आपण काय घालविले ते उशिरा उमगले. १८७३ मध्ये व्हिक्टर द स्टुअर्स यांनी एक जळजळीत लेख लिहून देशाला जागे केले, आणि तेथील प्राचीन वास्तूंच्या संरक्षणाची चळवळ त्या लेखापासून धरली जाते.

त्या वेळी संग्रहालयाचे छायाचित्रण इझाबेलबाईंकडे होते. खरेदीचा निर्णय त्यांचा नव्हे, त्यांना कोणी विचारलेही नसेल. त्यांच्या हाती येई ती वस्तू आधीच आपल्या घरापासून तुटलेली असे. मेणबत्त्या, धूप, घंटानाद, गुडघे टेकलेली माणसे यांतले काहीही तिच्याभोवती उरलेले नसे. मागे एक साधे कापड आणि बाजूला क्रमांकाची चिठ्ठी. भाविकाच्या दृष्टीने ही विटंबना आहे काय? मी स्वतः श्रद्धावान मनुष्य आहे आणि माझे उत्तर दोन बाजूंनी ओढले जाते. मूर्ती वेदीवरच शोभते, यात शंका नाही. परंतु वेदीवरील मूर्ती मागून कधी कोणी पाहिली आहे? तिच्या पायाशी कारागिराने केलेली बारीक पाने, उंचावरच्या देवदूताच्या चेहऱ्यावरचे स्मित, हे तिच्याखाली जन्मभर प्रार्थना करणाऱ्यांनाही ठाऊक नसते. ते प्रथम दिसले या काचांमुळे.

आणि ते केवळ लंडनकरांना दिसले असे नव्हे. संग्रहालयाची छायाचित्रे विकत मिळत. ती मोठ्या वह्यांतून क्रमवार चिकटवून ठेवीत आणि कलाशाळांना अभ्यासासाठी उपलब्ध करून देत. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत १८६५ साली आलेले लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स हे दोघेही साउथ केन्सिंग्टनच्या तालमीतून आलेले. प्रतिकृतीवरून शिकविण्याची ती रीत आपल्याकडे त्यांच्याबरोबरच आली.

उलट दिशेनेही वाहतूक चालू होती. हेन्री कोल यांचे पुत्र लेफ्टनंट हेन्री हार्डी कोल यांनी १८६९ मध्ये भोपाळजवळील सांची येथे जाऊन स्तूपाच्या पूर्व तोरणाचा प्लास्टरचा साचा घेतला. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या श्रोत्यांपैकी पुष्कळांनी ते तोरण पाहिले असेल. साच्यासाठी सुमारे २८ टन प्लास्टर तिकडे न्यावे लागले. सुमारे ३३ फूट उंचीची ती प्रतिकृती, १८७३ मध्ये संग्रहालयाची स्थापत्य-दालने खुली झाली तेव्हा, तेथे उभी होती. त्याच दालनांत सांतियागोचे ते ‘वैभवाचे द्वार’ही होते. बुद्धाच्या स्तूपाचे द्वार आणि संत याकोबाच्या कॅथेड्रलचे द्वार एका छपराखाली आले. खऱ्या जगात असा योग येणे शक्य नव्हते.

पण प्रतिकृतींचेही आयुष्य असते. अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांच्या रॉबर्ट गिल यांनी केलेल्या तैलप्रतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. म्हणून ग्रिफिथ्स यांनी जे. जे. च्या विद्यार्थ्यांसह १८७२ पासून पुन्हा नव्याने प्रती करावयास घेतल्या. त्या साउथ केन्सिंग्टनला पाठविल्या आणि १८८५ मध्ये तेथे लागलेल्या आगीत त्यांतीलही पुष्कळ जळाल्या. मुंबईच्या मुलांनी गुहांच्या अंधारात बसून वर्षानुवर्षे केलेले ते काम. इझाबेलबाई त्या वर्षी संग्रहालयाच्या सेवेतच होत्या. एकच एक प्रत किती धोक्यात असते आणि एका काचेवरून हव्या तितक्या प्रती काढता येणे म्हणजे काय, हे त्या आगीने जसे शिकविले तसे कोणत्याही व्याख्यानाने शिकविले नसते.

याच संग्रहालयासाठी आणखी एका विधवेने केलेले काम या ठिकाणी सांगितले पाहिजे. वस्तू चर्चमधील नव्हेत, राजघराण्यातील आहेत. पण गोष्ट आपल्या विषयाच्या गाभ्याची आहे. चार्ल्स क्लिफर्ड हे ब्रिटिश छायाचित्रकार माद्रिदमध्ये राहून स्पेनच्या राणीसाठी काम करीत. १ जानेवारी १८६३ रोजी ते वारले. त्यांची पत्नी जेन हिने छायाचित्रगृह बंद केले नाही. त्याच वर्षी साउथ केन्सिंग्टनचे जे. सी. रॉबिन्सन स्पेनमध्ये आले आणि त्यांनी माद्रिदच्या राजसंग्रहालयातील ‘दोफॅंचा खजिना’ छायाचित्रित करण्याचे काम जेनबाईंना दिले. चौदाव्या लुईच्या पुत्राकडून स्पेनच्या राजाकडे वारशाने आलेली ही स्फटिकाची आणि मौल्यवान दगडांची पात्रे, सोन्यारत्नांनी मढविलेली. स्फटिक पारदर्शक, सोने चकाकणारे, दोन्ही कॅमेऱ्याचे वैरी. जेनबाईंनी ती एकेक करून काचेवर उतरविली.

पुढे पंचावन्न वर्षांनी, १९१८ मध्ये, या खजिन्यावर चोरी झाली. अकरा वस्तू कायमच्या नाहीशा झाल्या आणि आणखी कितीतरी वस्तूंवरचे सोने व रत्ने उचकटून नेलेली आढळली. त्या वस्तू पूर्वी कशा होत्या, कोठे कोणते रत्न होते, हे सांगावयास लेखी याद्या अपुऱ्या पडतात. तेथे जेनबाईंची छायाचित्रे साक्षीला उभी राहतात. नाहीशा झालेल्या पात्रांचे दर्शन आज घ्यावयाचे तर ते अशा जुन्या छायाचित्रांतूनच.

विसाव्या शतकात या कामाचे स्वरूप पालटले. कॅमेरा हलका झाला आणि वस्तू कॅमेऱ्याकडे आणण्याऐवजी कॅमेरा वस्तूकडे जाऊ लागला. अमेरिकन पंडित आर्थर किंग्स्ले पोर्टर यांनी सांतियागोच्या यात्रामार्गांवरील शिल्पांचा दहा खंडांचा ग्रंथ १९२३ मध्ये प्रसिद्ध केला. एक खंड मजकुराचा, बाकी नऊ चित्रांचे. गावोगावच्या चर्चमध्ये मोटारीने जाऊन, शिड्या लावून, खांबांच्या माथ्यावरील कोरीव प्रसंग टिपणाऱ्यांत त्यांच्या पत्नी ल्यूसी वॉलेस पोर्टर यांचा हात फार मोठा होता. त्यांपैकी कित्येक चित्रांवरून युरोपातील विद्वानांत पुढे वर्षानुवर्षे वाद चालले. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर नाव मात्र एकट्या पोर्टरसाहेबांचे आहे.

इझाबेलबाईंचे नाव का पुसले गेले, याला कोणी एक खलनायक नाही. संग्रहालयाच्या नोंदवहीत त्यांचा उल्लेख ‘मिसेस काउपर’ असा येई. परंतु छापील चित्र बाहेर पडे ते संग्रहालयाचे म्हणून. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर लेखकाचे नाव, सूचीत वस्तूचे नाव, मालकाचे नाव, किंमत. चित्र घेणाऱ्याला जागाच नाही. पुढे छायाचित्रांच्या इतिहासाची आवड निर्माण झाली, तेव्हा अभ्यासकांना भावाचे नाव ठाऊक होते. संग्रहालयाचा छायाचित्रकार म्हटला की तेच आठवे. बहिणीची चित्रे निनावी राहिली किंवा संस्थेच्या नावावर गेली. शिवाय हेही खरे की, या कामात चित्रकाराने जितके चांगले काम करावे तितका तो दिसेनासा होतो. लेसचे उत्तम छायाचित्र पाहणारा म्हणतो, ‘काय सुंदर लेस आहे!’

एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्या संग्रहालयातील संशोधकांनी जुन्या नोंदवह्या, निगेटिव्हचे क्रमांक, हिशेबाची पाने आणि पत्रव्यवहार ताडून पाहिला, तेव्हा ही बाई हळूहळू स्पष्ट होत गेली. तिच्या राजीनाम्याचे पत्रही सापडले. ते १८९१ सालचे आहे. बाईंचे वय तेव्हा पासष्टच्या आसपास होते. त्यानंतर त्या वीस वर्षे जगल्या आणि १९११ मध्ये वारल्या.

त्यांच्या काचा आणि वह्यांत चिकटविलेली चित्रे संग्रहालयात जपून ठेवलेली आहेत. चित्रांचा मूळचा जांभळट रंग कडेने पिवळसर होत आलेला आहे. सूचीत त्या चित्रांपुढे आता ‘इझाबेल अॅग्नेस काउपर’ असे पूर्ण नाव घातले जाते. वह्यांची पाने अजून तपासली जात आहेत, आणि एकेका क्रमांकापुढे ते नाव नव्याने लिहिले जात आहे.